‘दिलंच नाही’ आणि ‘रिकामं दिलं’ यातला फरक पायथनमध्ये कसा सांभाळायचा

सरकारी ऑफिसात किंवा शाळेत माहितीचा तक्ता कधी भरून दिला असेल तर एक गोष्ट तुम्हाला माहीत असणार, एखाद्या रकान्यात सांगण्यासारखं काही नसलं तरी तो कोरा सोडायचा नाही, तिथे ‘निरंक’ लिहायचं. कारण कोरा रकाना बघून वरच्या ऑफिसला कळत नाही की यांच्याकडे खरंच काही नाहीये की भरायचं राहून गेलंय. निरंक म्हणजे आम्ही बघितलं आणि काही नाही. कोरा म्हणजे आम्ही काहीच सांगितलेलं नाही. आपल्या तालुक्याच्या कारकुनाला जो फरक पक्का माहीत असतो तो आपण कोड लिहिताना सरळ विसरतो, आणि दोन्हीसाठी नन (पायथनमधली ‘काही नाही’ ही किंमत) वापरून मोकळे होतो.

आज त्यावरच लिहितेय. पायथनमध्ये पॅरामीटर (फंक्शनला बाहेरून द्यायची किंमत) ‘दिलेलंच नाही’ हे ओळखायला एक वेगळी राखीव खूण ठेवतात, तिला सेंटिनेल म्हणतात, ती कशी बनवायची, कुठे वापरायची आणि कुठे अजिबात वापरायची नाही ते सांगते. कोडबद्दल एक आधीच सांगून ठेवते, खालचा सगळा कोड मी आपण तोंडाने वाचतो तसा देवनागरीत लिहिलाय. पायथन 3 मध्ये व्हेरिएबलची आणि फंक्शनची नावं देवनागरीत खरोखर चालतात, पण डेफ, इफ, इज, नन असे पायथनचे स्वतःचे शब्द एडिटरमध्ये रोमनमध्येच टाइप करावे लागतील.

तर आधी प्रॉब्लेम बघू. एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर मी काम करत होते, त्यात सभासदाची माहिती बदलायचं फंक्शन साधारण असं होतं:

डेफ सभासद_बदल(क्रमांक, फोन=नन, ईमेल=नन, वारस=नन):
    स = सभासद_आण(क्रमांक)
    इफ फोन इज नॉट नन:
        स.फोन = फोन
    इफ ईमेल इज नॉट नन:
        स.ईमेल = ईमेल
    इफ वारस इज नॉट नन:
        स.वारस = वारस
    स.सेव्ह()

दिसायला एकदम ठीक आहे, असला कोड आपण सगळ्यांनीच लिहिलाय, जे पाठवलं तेवढंच बदलायचं आणि बाकीचं आहे तसं ठेवायचं. बरीच वर्षं चाललंही. मग एक दिवस एक आजी काउंटरवर आल्या, त्यांच्या खात्यावर मुलाचा जुना ईमेल होता आणि तो आता काढून टाका म्हणाल्या. काउंटरवरच्या ताईंनी ईमेलचा रकाना रिकामा केला, सेव्ह दाबलं, ‘बदल झाला’ असा मेसेज आला, आणि पान परत उघडलं तर ईमेल जिथल्या तिथे. का? कारण स्क्रीनने ‘ईमेल नाही’ म्हणजे नन पाठवलं आणि फंक्शनने त्याचा अर्थ ‘ईमेलबद्दल काही सांगितलं नाही’ असा घेतला. कोणीही काहीही केलं तरी या फंक्शनमधून ईमेल काढणं शक्यच नव्हतं.

तक्रार आल्यावर टीममधल्या एकाने घाईत ते तिन्ही इफ काढून टाकले, जे येईल ते सरळ लिहायचं. आजींचं काम झालं. तो बदल मी तपासला होता आणि मला त्यात चूक दिसली नव्हती हे मुद्दाम सांगते, कारण ती चूक नजरेला येतच नाही. फक्त मोबाइल नंबर बदलायची एक वेगळी छोटी स्क्रीन होती, ती या फंक्शनला फक्त फोन पाठवायची, ईमेल आणि वारस पाठवायचीच नाही. म्हणजे ज्याने ज्याने नंबर बदलला त्याचा ईमेल गेला आणि वारसदाराचं नावही गेलं. कुठे एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, काही आठवड्यांनी वारसांची यादी प्रिंट केली तेव्हा कळलं. पतसंस्थेत वारसाचं नाव पुसलं जाणं म्हणजे काय हे ज्याच्या घरात कोणी गेल्यावर कागदपत्रं करायची वेळ आलीय त्याला वेगळं सांगायला नको.

आता नीट बघा, पहिला कोड आणि दुसरा कोड यातला कुठलाच बरोबर करता येत नव्हता, कारण प्रॉब्लेम इफमध्ये नव्हताच. सांगायच्या गोष्टी तीन होत्या (नवीन ईमेल हा घे, ईमेल काढून टाक, ईमेलला हात लावू नको) आणि दुसरी नि तिसरी दोघी मिळून एकाच ननच्या पाठीवर बसल्या होत्या.

तिसरी गोष्ट सांगायला तिसरी खूण लागते.

सगळ्यात साधी पद्धत

कोरं = ऑब्जेक्ट()

डेफ सभासद_बदल(क्रमांक, *, फोन=कोरं, ईमेल=कोरं, वारस=कोरं):
    स = सभासद_आण(क्रमांक)
    इफ ईमेल इज नॉट कोरं:
        स.ईमेल = ईमेल
    (फोन आणि वारस तसंच)
    स.सेव्ह()

बस एवढंच आहे. आता सभासद_बदल(112, फोन='...') म्हटलं तर ईमेल आणि वारस दोन्ही ‘कोरं’ राहतात आणि त्यांना हात लागत नाही, आणि सभासद_बदल(112, ईमेल=नन) म्हटलं तर ईमेल खरोखर काढला जातो. मधला तो तारा मी मुद्दाम टाकलाय, त्याच्यामुळे पुढचे पॅरामीटर नावानेच द्यावे लागतात, जिथे ‘दिलं की नाही’ याला महत्त्व आहे तिथे ते नाव घेऊनच दिलेलं बरं.

हे चालतं कशामुळे ते समजून घ्या म्हणजे पुढे चुका होणार नाहीत. पायथनमध्ये ऑब्जेक्ट() म्हटलं की एक नवीन वस्तू तयार होते, तिच्यात काहीच नसतं, पण ती जिवंत असेपर्यंत तिच्यासारखी दुसरी कुठलीच नसते. आणि पॅरामीटरची डिफॉल्ट किंमत डेफची ओळ चालते तेव्हा एकदाच ठरते, दर वेळी फंक्शन बोलावल्यावर नाही. (डिफॉल्टला रिकामी लिस्ट ठेवली की ती सगळ्या कॉलमध्ये एकच राहते आणि माणूस गोंधळतो ना, ते पण यामुळेच, तिथे हा नियम आपल्याला नडतो, इथे तोच कामाला येतो.) म्हणजे आत जे ‘कोरं’ मिळालं ते बाहेरचं तेच ‘कोरं’ असतं, आणि बाहेरून कोणी चुकूनसुद्धा ते टाइप करू शकत नाही.

हे ‘टाइप करू शकत नाही’ फार महत्त्वाचं आहे. कारण आपला पहिला विचार असतो की एखादी विचित्र किंमत ठरवून टाकू, -1 किंवा 'एनए' किंवा 9999. ही सवय जुनी आहे आणि सगळीकडे आहे. जगभरच्या हवामान केंद्रांच्या रोजच्या नोंदी जीएचसीएन-डेली नावाच्या संग्रहात मिळतात, त्यात नोंद नसली की -9999 असतं, ते ठरवून केलेलं आहे आणि कागदावर लिहून ठेवलेलं आहे, पण नवीन माणूस ती फाइल उचलतो, सरळ सरासरी काढतो आणि उत्तर बर्फाच्या खाली कुठेतरी जातं. पायथनच्या स्ट्रिंगचं फाइंड घ्या, शब्द सापडला नाही की ते -1 देतं, आणि पायथनमध्ये -1 हा चालणारा इंडेक्स आहे, शेवटचं अक्षर! म्हणजे तपासायचं राहिलं तर प्रोग्रॅम पडत नाही, चुकीचं अक्षर घेऊन पुढे चालत राहतो. आपल्याकडे फॉर्मवर मोबाइल नंबर सक्तीचा केला की लोक दहा वेळा नऊ टाकतात, तोही एक सेंटिनेलच आहे, फक्त तो कोणालातरी खरा नंबर वाटू शकतो आणि त्यावर मेसेज जाऊ शकतो. खूण म्हणून घेतलेली किंमत कधीतरी खरी किंमत म्हणून येऊ शकत असेल तर ती खूण कामाची नाही.

इज वापरा, दोनदा बरोबर नको

तपासताना नेहमी ‘इज’. इफ ईमेल == कोरं असं लिहू नका, कारण == चा अर्थ समोरचा क्लास स्वतः ठरवू शकतो. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा अ‍ॅरे आला तर == एका हो-नाहीच्या जागी आख्खा अ‍ॅरे परत देतं आणि इफमध्ये एरर येते. इज फक्त ‘हीच ती वस्तू का’ एवढंच बघतं, त्यात कोणाला ढवळाढवळ करता येत नाही.

आणि दुसरी एक चूक, ही मी फार ठिकाणी बघितलीय:

ईमेल = ईमेल ऑर स.ईमेल

नन होतं तोवर ही ओळ चालायची. पण ऑब्जेक्ट() हा पायथनच्या हिशोबाने खरा, म्हणजे ट्रू असतो, म्हणून ‘ऑर’ पुढे बघतच नाही आणि सेंटिनेल तसाच रेकॉर्डमध्ये जाऊन बसतो. नन काढून सेंटिनेल आणताना फाइलमधले सगळे ऑर आणि सगळे ‘इफ नॉट ईमेल’ शोधून काढा, हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका.

हे प्रत्यक्षात कुठे वापरलंय

पायथनच्याच सॉकेट या नेटवर्क जोडणीच्या मॉड्यूलमध्ये क्रिएट_कनेक्शन नावाचं फंक्शन आहे, त्याचं टाइमआउट हे पॅरामीटर बघा. आकडा दिला तर तेवढे सेकंद थांबायचं. नन दिलं तर मर्यादाच नाही, उत्तर येईपर्यंत थांबायचं. आणि काहीच दिलं नाही तर आख्ख्या प्रोग्रॅमसाठी जे डिफॉल्ट टाइमआउट ठरवलेलं असेल ते घ्यायचं. तीन अर्थ झाले, आणि तिसऱ्यासाठी त्यांनी आत एक साधं ऑब्जेक्ट() च ठेवलंय. इथे नन ही एक पूर्ण शुद्धीत दिलेली सूचना आहे, ‘थांब, कितीही वेळ लागू दे’, तिला आपण ‘काही सांगितलं नाही’ असं समजलो तर दुसऱ्याचा प्रोग्रॅम अर्धवट तुटेल. वेबवर रिक्वेस्ट पाठवायच्या एचटीटीपीएक्स लायब्ररीतही तेच, तिथे क्लायंटचा टाइमआउट मुळात 5 सेकंद असतो, रिक्वेस्टला नन दिलं तर टाइमआउट बंद, आणि काही नाही दिलं तर क्लायंटचं आहे ते वापरायचं, त्यासाठी त्यांनी एक नाव असलेला सेंटिनेल ठेवलाय.

रोजच्या वापरातलं सांगायचं तर डिक्शनरीचं पॉप. किल्ली सापडली नाही आणि दुसरी किंमत दिली नसेल तर कीएरर, दुसरी किंमत म्हणून नन दिलं असेल तर मुकाट्याने नन. गेटअ‍ॅटर, नेक्स्ट सगळे असेच. फंकटूल्समधल्या रिड्यूसचा पायथनमध्ये लिहिलेला कोड उघडून बघा, सुरुवातीची किंमत दिली नाही हे ओळखायला तिथेही वेगळं ऑब्जेक्ट() आहे. डेटाक्लासेसमध्ये मिसिंग आहे, इन्स्पेक्टमध्ये एम्प्टी आहे, जँगोत नॉट_प्रोव्हायडेड आहे. म्हणजे ही काही कोणाची हौस नाही, ज्यांना दुसऱ्यांसाठी फंक्शन लिहायची असतात त्या प्रत्येकाला हे कधी ना कधी लागतंच.

ऑब्जेक्ट() कुठे कमी पडतं

स्वतःच्या एका फाइलपुरतं वापरायचं असेल तर वरचं पुरे आहे, पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण ते फंक्शन दुसरे लोक वापरणार असतील तर दोन अडचणी येतात.

पहिली, दिसण्याची. हेल्पमध्ये फंक्शनची सही (नाव आणि पॅरामीटरची यादी) बघितली की डिफॉल्टच्या जागी ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट अमुक पत्त्यावर’ असा मेमरीचा लांबलचक पत्ता छापून येतो, वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलंय. ट्रेसबॅक मॉड्यूलच्या प्रिंट_एक्सेप्शनमध्ये नेमकं हेच झालं होतं, 2021 च्या मे महिन्यात त्यावर पायथन बनवणाऱ्यांमध्ये चर्चा झाली आणि त्यातूनच पुढे पेप 661 हा सेंटिनेलसाठीचा प्रस्ताव टाल आयनाट यांनी मांडला. आता तिथे डिफॉल्ट ‘इम्प्लिसिट’ असं स्वच्छ दिसतं.

दुसरी अडचण जास्त वाईट आहे. डीपकॉपी (आतल्या सगळ्यासकट प्रत) केलं किंवा पिकल करून (साठवायला नाहीतर पाठवायला बाइटमध्ये बदलून) परत उघडलं की ऑब्जेक्ट() ची नवीन प्रत तयार होते, आणि नवीन प्रत म्हणजे वेगळी वस्तू, म्हणजे ‘इज’ खोटं ठरतं. मल्टिप्रोसेसिंगमध्ये आर्ग्युमेंट दुसऱ्या प्रोसेसला पिकल होऊनच जातात, त्यामुळे इकडे कोरं असलेलं तिकडे कोरं राहत नाही, तिकडचा कोड म्हणतो अरे हे काहीतरी दिलंय, चला सेव्ह करू. लोकल मशिनवर सगळं चालतं आणि सर्व्हरवर बॅच लावली की बिघडतं, असला बग शोधायला दिवस जातात.

दोन्हीचा उपाय एक छोटा क्लास:

क्लास कोराप्रकार:
    डेफ __रेप्र__(सेल्फ):
        रिटर्न '<कोरं>'
    डेफ __रिड्यूस__(सेल्फ):
        रिटर्न 'कोरं'
    डेफ __बूल__(सेल्फ):
        रेज टाइपएरर('कोरं खरं-खोटं म्हणून तपासू नका, इज वापरा')

कोरं = कोराप्रकार()

रेप्रमुळे हेल्पमध्ये आणि लॉगमध्ये नीट नाव दिसतं. रिड्यूसने नुसती स्ट्रिंग परत दिली की पिकल त्या वस्तूची प्रत काढत नाही, ‘या मॉड्यूलमधली या नावाची वस्तू’ एवढीच चिठ्ठी लिहून ठेवतं, आणि उघडताना तीच मूळ वस्तू आणून देतं. कॉपी आणि डीपकॉपीसुद्धा रिड्यूसने स्ट्रिंग दिली की मूळ वस्तूच परत देतात, म्हणजे एका मेथडमध्ये तिन्ही कामं झाली. फक्त अट अशी की स्ट्रिंगमधलं नाव आणि मॉड्यूलमध्ये वर लिहिलेलं नाव अगदी एकच हवं, आणि ती वस्तू फंक्शनच्या आत लपवलेली नको.

बूलमध्ये एरर टाकणं काही जणांना जास्त कडक वाटतं, ते म्हणतात फॉल्स दे म्हणजे जुना ‘ऑर’वाला कोड चालत राहील. मला पटत नाही. फॉल्स दिलं की पुन्हा कोरं, नन, शून्य आणि रिकामी स्ट्रिंग एका पंगतीत येऊन बसतात, आणि तीच पंगत मोडायला तर आपण बसलोय. पायथनवाल्यांनी पण त्यांच्या नॉटइम्प्लिमेंटेडच्या बाबतीत शेवटी हेच केलं, आधी ते ट्रू समजलं जायचं, 3.9 पासून वॉर्निंग यायला लागली आणि 3.14 मध्ये सरळ टाइपएरर येते.

टाइप हिंट वापरत असाल तर एकच सदस्य असलेला एनम (ठरावीक नावांच्या किंमतींचा प्रकार) हा चांगला पर्याय आहे, मायपायसारखा टाइप चेकर ‘इज’ नंतर बरोबर ओळखतो की आता उरलं ते स्ट्रिंग किंवा नन. पेप 484 मध्येच हा मार्ग सुचवलेला आहे. टायपिंग_एक्स्टेन्शन्सच्या 4.14 पासून तयार सेंटिनेलसुद्धा मिळतो.

तीन ठिपक्यांचा एलिप्सिस सेंटिनेल म्हणून वापरलेला दिसतो कधीकधी, तो मी टाळते. तो सगळ्यांच्या मालकीचा आहे, कोणीही पाठवू शकतं, आणि नमपायमध्ये त्याला स्वतःचा अर्थ आहे.

एकच कोरं, एकाच फाइलमध्ये

आता हे लक्ष देऊन वाचा, कारण क्लास वगैरे सगळं नीट लिहूनही इथे घसरायला होतं. समजा स्क्रीनच्या मॉड्यूलमध्ये एक फंक्शन आहे ज्यात ईमेल=कोरं आहे आणि ते आत सभासद_बदलला ईमेल=ईमेल असं पुढे ढकलतं. दोघांनी एकाच फाइलमधून कोरं आणलं असेल तर काहीच करायला नको, आपोआप बरोबर चालतं, ही तर सेंटिनेलची खरी सोय आहे. पण प्रत्येक फाइलच्या वर कोणीतरी स्वतःचं कोरं = ऑब्जेक्ट() लिहिलं असेल तर एका फाइलचं कोरं दुसऱ्या फाइलला ‘दिलेली किंमत’ वाटतं. नाव एकच, वस्तू दोन. म्हणून एक खुणा.पाय फाइल करा, त्यात एकदाच लिहा, सगळ्यांनी तिथून इम्पोर्ट करा. तीच फाइल दोन वेगळ्या नावांनी इम्पोर्ट झाली किंवा रीलोड केली तरी दोन वस्तू होतात हेही ध्यानात असू द्या.

बाहेरची लायब्ररी बोलवायची असेल तर तिला आपलं कोरं माहीत नसणार, तिथे पाठवायच्या आधी गाळून घ्यायचं:

द्यायचं = {क: व फॉर क, व इन सगळं.आयटम्स() इफ व इज नॉट कोरं}
लायब्ररी.बदल(द्यायचं)

आणि कोरं कधीही डेटाबेसपर्यंत जाऊ द्यायचं नाही. जेसन (डेटा मजकुरात लिहून पाठवायचा साचा) करायला गेलात तर टाइपएरर येईल, ते चांगलंच आहे, आरडाओरडा होतो. भीती एफ-स्ट्रिंगची असते, कारण ती काहीही मुकाट्याने अक्षरात बदलते आणि मग कोणाच्या तरी पत्त्याच्या रकान्यात ‘<कोरं>’ छापून येतं.

वेबवरून आलेल्या डेटाचं काय

इथे खरी गंमत आहे, कारण फरक आपल्या फंक्शनपर्यंत पोचायच्या आधीच हरवतो. जेसनमध्ये फरक असतो, ईमेलची किल्लीच नाही ही एक गोष्ट आणि किल्ली आहे पण किंमत नल आहे ही दुसरी. 2014 च्या आरएफसी 7396 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात, म्हणजे जेसन मर्ज पॅचमध्ये, हे स्पष्ट लिहिलंय, किल्ली नसेल तर हात लावू नका, नल असेल तर ते काढून टाका. पण आपण लिहितो बॉडी.गेट('ईमेल'), आणि गेट दोन्ही वेळा नन देतं, झालं, फरक तिथेच मेला. त्याऐवजी

ईमेल = बॉडी.गेट('ईमेल', कोरं)

एवढा एक शब्द घातला की फरक जिवंत राहतो. पायडँटिक (आलेला डेटा तपासणारी लायब्ररी) वापरत असाल तर तिथे सेंटिनेलची गरजच नाही, मॉडेलला कुठली फील्ड खरोखर पाठवली होती ते लक्षात असतं, मॉडेल_डंप करताना एक्सक्लूड_अनसेट ट्रू ठेवलं की पाठवलेलंच तेवढं मिळतं. ते एक्सक्लूड_ननशी गोंधळू नका. एक्सक्लूड_नन ठेवलं की आजींचा ईमेल परत अडकला.

एचटीएमएल फॉर्मचं मात्र वेगळं आहे. टेक्स्टचा रकाना रिकामा असला की रिकामी स्ट्रिंग येते, पण चेकबॉक्सवर टिक नसली की त्याचं नावसुद्धा येत नाही. म्हणजे तिथे ‘आलंच नाही’ याचा अर्थ ‘नको’ असा होतो. एसएमएस हवेत का हा चेकबॉक्स ज्या पानावर आहे तिथे न येणं म्हणजे नको, आणि ज्या पानावर तो चेकबॉक्सच नाही तिथे न येणं म्हणजे काही सांगितलं नाही. हे फंक्शनला कळू शकत नाही, ते पानाच्या हँडलरलाच माहीत असतं, म्हणून तिथेच ठरवून खरं, खोटं किंवा कोरं असं आत पाठवायचं. रेल्स या रुबी भाषेतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये चेकबॉक्सच्या आधी एक लपलेला रकाना टाकतात तो याचसाठी.

दुसऱ्या भाषांबद्दल थोडक्यात. जावास्क्रिप्टमध्ये अनडिफाइन्ड आणि नल असे दोन आधीच आहेत, पॅरामीटरची डिफॉल्ट किंमत अनडिफाइन्डला लागते, नलला लागत नाही, फक्त जेसन.स्ट्रिंगिफाय करताना अनडिफाइन्डवाल्या किल्ल्या गळून पडतात. गोमध्ये काही दिलं नाही की शून्य किंवा रिकामी स्ट्रिंग येते, म्हणून तिथे पॉइंटर वापरतात. कॉमन लिस्पमध्ये तर ऐच्छिक पॅरामीटरच्या शेजारी ‘हे दिलं होतं का’ सांगणारं वेगळं व्हेरिएबलच मागता येतं, मला ते सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

कुठे वापरू नये

बहुतेक ठिकाणी! ज्या पॅरामीटरला ननचा स्वतःचा काही अर्थच नाही तिथे डिफॉल्ट नन ठेवा, सगळ्यांना कळतं, सुटसुटीत आहे. लॉगर दिला नाही तर आपला घ्यायचा, तिथे ‘लॉगर काढून टाक’ असं कोणी म्हणणार नसेल तर सेंटिनेल कशाला. मी एवढंच विचारते, ‘काहीच नको’ हे सांगायची गरज कोणाला कधी पडेल का? पडणार असेल तरच कोरं. आणि गरज एकाच फील्डपुरती असेल तर ईमेल_काढ(क्रमांक) असं वेगळं फंक्शन करून टाका, वाचणाऱ्याला ते जास्त लवकर कळतं आणि कोणी कधी काढलं याची नोंदही त्यात ठेवता येते.

टेस्ट मात्र प्रत्येक अशा पॅरामीटरच्या तीन लिहा, किंमत दिली, नन दिलं, दिलंच नाही. आमच्याकडे पहिल्या दोन होत्या, तिसरी नव्हती.

वारसांची नावं आम्ही जुन्या बॅकअपशी ताडून परत भरली, पण त्यात एक अडचण शेवटपर्यंत त्रास देत राहिली. डेटाबेसमध्येही वारसाच्या जागी फक्त नल होता, आणि काही सभासदांनी खरोखरच वारस नेमलेला नव्हता, तर कोणाचा पुसला गेलाय आणि कोणाचा आधीपासूनच नव्हता हे नुसत्या टेबलावरून सांगता येत नव्हतं. सेंटिनेल प्रोग्रॅम चालू असेपर्यंतच जगतो, टेबलात त्याचा उपयोग नाही, तिथे वेगळा कॉलम लागतो. आता त्या टेबलात वारसाच्या शेजारी ‘वारस स्थिती’ असा कॉलम आहे, त्यात तीनच किंमती चालतात, ‘नोंद आहे’, ‘निरंक’ आणि ‘विचारायचं राहिलंय’, आणि तिसरी असलेल्या सभासदांची यादी दर महिन्याच्या एक तारखेला काउंटरवर प्रिंट होऊन जाते.